मुखडा शोधत बसू नका: सिनेमाचं ऑर्केस्ट्रा संगीत ऐकताना या चुका टाळा

‘स्टार वॉर्स’ची सुरुवातीची धून गुणगुणता येणारे पुष्कळ भेटतात. त्याच संगीताचा पूर्ण अल्बम एका बैठकीत ऐकलेले फार थोडे. तिसरा-चौथा ट्रॅक आला की हात फोनकडे जातो, ‘यात काही कळत नाहीये’ असं वाटतं आणि पुन्हा पहिली धून लागते. असं होण्याची कारणं ठरलेली आहेत. काही फोनच्या सेटिंगमध्ये असतात, काही खोलीत, आणि बरीचशी गाणी ऐकून लागलेल्या सवयींत.

खाली हाच एक अल्बम धरून सगळं सांगितलं आहे. दहा अल्बमवर उड्या मारण्यापेक्षा एकच नीट ऐकला तर कान लवकर तयार होतो. जॉन विल्यम्स यांचं हे संगीत मार्च १९७७ मध्ये लंडनजवळच्या डेनम इथल्या अ‍ॅन्व्हिल स्टुडिओत लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राच्या ऐंशीहून अधिक वादकांनी वाजवलं. त्याच वर्षी दोन तबकड्यांचा अल्बम आला: १६ ट्रॅक, सुमारे ७५ मिनिटं. पहिल्या ट्रम्पेटच्या खुर्चीवर मॉरिस मर्फी होते. ऑर्केस्ट्रात रुजू झाल्यावरचं त्यांचं हे पहिलंच काम, आणि ते किती कठीण होतं हे अल्बमच्या पहिल्याच सेकंदाला कळतं.

भलतंच रेकॉर्डिंग लावणं

अ‍ॅपमध्ये सिनेमाचं नाव टाकलं की मूळ रेकॉर्डिंगच वर येईल असं नाही. पियानोवर वाजवलेलं, कीबोर्डवर एकट्याने बनवलेलं, झोप लागावी म्हणून संथ केलेलं, ‘एपिक’ असं बिरुद लावून ढोल वाढवलेलं, सगळं एकाच रांगेत उभं असतं. नकलीवर महिनाभर कान घासला तर अस्सल ऐकूनही फरक पडत नाही. ट्रॅकच्या नावाखाली लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा आणि जॉन विल्यम्स ही दोन्ही नावं हवीत. वर्ष १९७७ नसून नंतरच्या पुनर्प्रकाशनाचं असेल तरी चालेल. आणि हो, जॉन विल्यम्स याच नावाचे एक नामांकित गिटारवादक आहेत. नुसत्या नावावर टॅप केलं आणि शांत स्पॅनिश गिटार सुरू झाली, तर तुम्ही त्यांच्या पानावर पोचला आहात.

कीबोर्डची नक्कल ओळखायची असेल तर व्हायोलिनचा एखादा लांब सूर पकडा. खऱ्या ताफ्यात वीस-तीस जणांच्या बोटांचं कंपन कधीच तंतोतंत जुळत नाही, त्यामुळे सुराच्या पृष्ठभागावर बारीक तरंग असतात. नकलीत तो सूर काचेसारखा गुळगुळीत येतो आणि मध्येच संपतो तोही कात्रीने कापल्यासारखा.

दुसऱ्या ऑर्केस्ट्राने नंतर केलेली चांगली रेकॉर्डिंगं वाईट नसतात, फक्त ती आधी ऐकू नका. मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहतांनी लॉस एंजेलिस फिलहार्मॉनिककडून याच संगीतातल्या निवडक तुकड्यांचा संच १९७७ सालीच वाजवून घेतला. मूळ अल्बम चार-पाचदा ऐकून झाल्यावर तो लावला, तर स्वर तेच असूनही वजन कुठे बदललंय हे ऐकू येतं, आणि मग ‘कंडक्टर नेमकं करतो काय’ या जुन्या प्रश्नाचं उत्तर आपोआप मिळतं.

फोनच्या सेटिंगकडे न बघणं

हा सगळ्यात कंटाळवाणा भाग आहे आणि निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

आधी क्रॉसफेड शून्यावर आणा. एक ट्रॅक विरत असताना दुसरा आत घुसवणारी ही सोय पार्टीसाठी आहे. ऑर्केस्ट्रात शेवटचा सूर खोलीभर घुमून विरतो, तो घुमारा संगीताचाच भाग असतो, आणि सहा सेकंदांचं क्रॉसफेड नेमका तोच खातं. शफल बंद करा.

मग आवाज सारखा करण्याची सोय बघा, म्हणजे नॉर्मलायझेशन. स्पॉटिफायमध्ये तिच्या तीन पातळ्या आहेत. त्यातली सगळ्यात मोठी, ‘लाउड’, निवडली असेल तर शिखरांना लिमिटर लागतो. हळू जागा उचलल्या जातात, मोठ्या जागा दाबल्या जातात, आणि हळू-मोठ्यातल्या ज्या दरीवर हे संगीत उभं आहे ती बुजते. मधली पातळी ठेवा किंवा सोय पूर्ण बंद करा. अल्बम ओळीने वाजवला तर अ‍ॅप सगळ्या ट्रॅकना एकच माप लावतं. शफलमध्ये मात्र प्रत्येक ट्रॅक वेगळा मोजला जातो, आणि मग बासरीचा हळुवार तुकडा आणि शेवटची लढाई एकाच आवाजात ऐकू येतात. शफल बंद करण्याचं हे दुसरं कारण.

इक्वलायझर सपाट ठेवा. बास बूस्ट, थ्रीडी, व्हर्च्युअल सराउंड, फोनमधलं डॉल्बी अ‍ॅटमॉसचं बटण, सगळं बंद. दोन चॅनेलच्या जुन्या रेकॉर्डिंगला ही यंत्रणा बळेच फुगवते, मग तुताऱ्या पत्र्यासारख्या आणि व्हायोलिन मागे कुठेतरी पाण्यात बुडाल्यासारखी वाटतात. अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या पानावर ‘मोनो ऑडिओ’ चुकून चालू राहिलेला असतो, तोही तपासा.

डावं-उजवं बरोबर आहे ना? ऑर्केस्ट्राच्या नेहमीच्या मांडणीत पहिली व्हायोलिन्स डावीकडे, चेलो आणि डबल बास उजवीकडे बसतात. उंच तारांची चाल तुम्हाला उजव्या कानात येत असेल तर हेडफोन उलटा घातलाय किंवा स्पीकरच्या वायरींची अदलाबदल झालीय.

ब्लूटूथमुळे दर्जा जातो का, यावर लोक तासन्‌तास भांडतात. ऑर्केस्ट्रा ऐकायला बसलेल्या नवख्यासाठी तो शेवटचा मुद्दा आहे. ब्लूटूथची खरी अडचण वेगळीच असते. लॅपटॉपवर मीटिंगचं अ‍ॅप मागे चालू असेल तर हेडफोन माइकच्या मोडमध्ये जातो, आणि अख्खा ऑर्केस्ट्रा टेलिफोनवरून आल्यासारखा ऐकू येतो. मीटिंगचं अ‍ॅप पूर्ण बंद करा, हेडफोन पुन्हा जोडा.

फोनच्या स्पीकरवर ‘ऐकून झालं’ म्हणणं

डबल बासची सगळ्यात खालची तार साधारण ४१ हर्ट्‌झवर वाजते, चेलोची ६५ वर, व्हायोलिनची १९६ वर. फोनचा इवलासा स्पीकर दोनशे-तीनशे हर्ट्‌झच्या खाली जवळपास मुका असतो. म्हणजे ऑर्केस्ट्राचा अख्खा खालचा मजला कापून तुम्ही नुसता माळा ऐकताय. ‘जॉज’ या १९७५ च्या सिनेमाची सुरुवात लावून बघा. शेजारशेजारचे दोनच सूर, खोल तारांवर. फोनवर तिथे काहीतरी कुरकुरल्यासारखं येतं. तीनचार हजारांचे बरे वायरवाले हेडफोन लावले की पोटात गोळा येतो. महागड्या यंत्राची गरज नाही, खर्ज ऐकू येणाऱ्या कोणत्याही यंत्राची आहे.

स्पीकर असतील तर ते शोकेसच्या वरच्या कप्प्यात, कपाटावर किंवा टीव्हीमागे नकोत. दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा साधारण समभुज त्रिकोण करा, दोन-सव्वादोन मीटरचा. खोक्यातला उंच सुरांचा छोटा गोल स्पीकर कानाच्या उंचीवर, मागची भिंत निदान ३० सेंटीमीटर लांब. सोफा भिंतीला चिकटलेला असेल तर खर्ज फुगून धपधप करतो; सोफा वीतभर पुढे ओढला तरी फरक कळतो.

आवाज सारखा खालीवर करणं

हळू जागा आली की वाढवला, मोठी जागा आली की दचकून कमी केला. तासाभरात वीस वेळा असं केलं तर रचनाकाराने बांधलेला चढउतार तुम्ही स्वतःच्या अंगठ्याने सपाट केलेला असतो.

आवाज ठरवायचा तो मोठ्या जागेवरून. ‘मेन टायटल’चा, म्हणजे पहिल्या ट्रॅकचा, पहिला आघात लावा, तो भरभरून वाटेल पण कानाला बोचणार नाही अशी पातळी शोधा, आणि मग बटण सोडून द्या. पुढे ‘प्रिन्सेस लेयाज थीम’ची, म्हणजे सिनेमातल्या राजकन्या लेयाच्या धुनेची, सुरुवात फार हळू वाटेल. वाटू दे. पंखा बंद करा. पंख्याची घरघर आणि लाकडी सुषिर वाद्यांची हळू फुंकर एकाच पट्टीत येतात आणि जिंकतो नेहमी पंखा. मे महिन्यात ते शक्य नसेल तर कान पूर्ण झाकणारे हेडफोन घ्या. स्वयंपाकघरात कुकर चढलेला असताना हा अल्बम लावू नका, इतकं साधं आहे. आणि रात्री उशिरा शेजाऱ्यांमुळे आवाज मोठा करता येत नसेल तर ‘द लास्ट बॅटल’ मिणमिणत्या आवाजात ऐकण्यापेक्षा लेयाची थीम ऐका. हळू आवाजात मोठा ऑर्केस्ट्रा चिडचिडा होतो.

मुखडा आणि अंतरा शोधणं

आता खरी गोष्ट. आपला कान गाण्यावर वाढलेला आहे. मुखडा येतो, म्युझिक येतं, अंतरा येतो, मुखडा परततो, आणि परतला की बरं वाटतं. पार्श्वसंगीतात तो परततच नाही. दृश्य तीन मिनिटं बारा सेकंदांचं असेल तर संगीतही तेवढंच. मध्ये दार उघडलं की सूर बदलणार, कोणी धावायला लागलं की लय बदलणार, दृश्य कापलं की संगीतही थांबणार. ‘अर्धवट वाटतं’ ही तक्रार इथून येते. मुखड्याची वाट बघणाऱ्याला ते अर्धवट वाटणारच.

तुमच्याकडे याहून चांगलं हत्यार आधीच आहे: पकड. दोन-चार सुरांवरून राग ओळखायची सवय ज्याला थोडीफार आहे, त्याला हे संगीत इतरांपेक्षा लवकर उलगडायला हवं. विल्यम्स प्रत्येक मुख्य कल्पनेला एक छोटी सुरावट देतात आणि ती वेगवेगळ्या वाद्यांवर, वेगळ्या लयीत, कधी अर्धीच, पुन्हा पुन्हा आणतात. तीन पकडी पेटीवर वाजवून कानात बसवा, दहा मिनिटांचं काम आहे.

पहिली, मुख्य धून: मंद्र पंचमावर (खालच्या ‘प’वर) तीन झटपट सूर, मग लांब षड्ज (‘सा’), तिथून थेट पंचमावर उडी. मग म-ग-रे असं उतरता उतरता एकदम तार षड्ज. सगळा दिमाख त्या दोन उड्यांत आहे.

दुसरी, जिला आज सगळे ‘फोर्स’ची (सिनेमातल्या गूढ शक्तीची) थीम म्हणतात ती: मंद्र पंचम, षड्ज, रिषभ, आणि मग कोमल गंधार. हळू, चढती. पहिलीही मंद्र पंचमावरूनच निघते, पण शुद्ध गंधाराऐवजी कोमल आला की सगळी हवा बदलते. सिनेमात दोन सूर्य मावळतानाच्या दृश्यात ती आधी एकट्या हॉर्नवर येते आणि मग अख्खा तारांचा ताफा तिला उचलून घेतो.

तिसरी, लेयाची: मंद्र पंचमावरून थेट शुद्ध गंधारावर. ही एक मोठी, हळवी झेप ओळखता आली की पुरे.

एवढं जमलं की ‘द थ्रोन रूम’ लावा. सुरुवातीला ट्रम्पेटांवर जी मिरवणूक निघते ती दुसरी पकडच आहे. संध्याकाळच्या एकटेपणाची सुरावट दरबारी थाटात उभी राहिलेली. हे एकदा कानाने पकडलं की पार्श्वसंगीत ‘कळत नाही’ ही तक्रार मागे पडते.

रागसंगीताची सवय एका ठिकाणी मात्र आडवी येते. तानपुरा आपला षड्ज मैफलभर हलू देत नाही. इथे षड्जच हलतो, कधी एका मिनिटात चारदा, आणि मन जुना षड्ज धरून बसलं तर पुढचं सगळं बेसूर वाटतं. अशा वेळी वरची चाल सोडा आणि डबल बास कुठे चाललाय ते ऐका. नवीन जमीन तोच दाखवतो. समेचंही तसंच. ‘द लँड ऑफ द सँड पीपल’सारख्या ट्रॅकमध्ये ठेका तुटका आहे, आघातवाद्यं पुढे आहेत. तिथे आवर्तन मोजायला गेलात तर पाचव्या सेकंदाला हरवाल. मोजू नका, आघात कुठून येतात तेवढं ऐका.

थीमला नेमप्लेट समजणं

पकडी ओळखता यायला लागल्या की नवी चूक सुरू होते. लेयाची धून वाजली म्हणजे लेया आली, असा हिशेब. मग ‘बेन्स डेथ अँड टाय फायटर अटॅक’ लागतो. बेन केनोबी हा सिनेमातला वृद्ध गुरू मरतोय, लेयाचा त्याच्याशी फारसा संबंध आलेला नाही, आणि धून वाजते लेयाची. जाणकार श्रोते इथे अडखळतात, कोणी चूकही काढतं. विल्यम्स यांना त्या क्षणी हवा होता तो पसरत जाणारा, मोठ्या झेपेचा सूर, आणि तो त्यांच्या जवळच्या सुरावटींपैकी लेयाच्या सुरावटीत सगळ्यात जास्त होता. बस. सुरावट भावना घेऊन येते, नाव कधी कधी सोबत असतं.

उलट टोकाचं उदाहरण म्हणजे ‘इम्पीरियल मार्च’. सा-सा-सा, खाली कोमल धैवत, वर कोमल गंधार, पुन्हा सा. काळ्या मुखवट्याच्या खलनायकाची ही ओळख लहान पोरंही ओळखतात. १९७७ च्या अल्बममध्ये ती शोधून थकलेल्यांना एकच सांगणं: ती तिथे नाहीच. ती १९८० च्या दुसऱ्या सिनेमासाठी लिहिली गेली. आणि जिला आपण ‘फोर्स’ची थीम म्हणतो, तिला १९७७ च्या अल्बमवरच्या टिपणात विल्यम्स यांनी बेन केनोबीची थीम म्हटलं होतं. नावं मागाहून बदलतात, चिकटतात. इंटरनेटवर थीमच्या नावांच्या लांबच लांब याद्या आहेत. पहिल्या महिन्यात त्यांच्या वाटेला जाऊ नका. यादी हातात असली की कान टिकमार्क करत बसतो.

अल्बममध्ये सिनेमा शोधणं

सिनेमा डोळ्यासमोर आणत, दृश्यामागून दृश्य जुळवत ऐकायला बसलं की हा अल्बम हमखास गोंधळात टाकतो. पाचव्या ट्रॅकवर बेन मरतो आणि चौदाव्यावर राजकन्येची प्रतिमा पहिल्यांदा दिसते! हा छापखान्याचा घोळ नाही. विल्यम्स यांनी क्रम मुद्दाम बदलला, तबकडीची प्रत्येक बाजू स्वतंत्रपणे चढावी-उतरावी म्हणून. ‘मेन टायटल’मध्ये तर सिनेमाच्या सुरुवातीला शेवटच्या श्रेयनामावलीचा भाग जोडलेला आहे, आणि लेयाची थीम ज्या पूर्ण रूपात अल्बमवर आहे तशी ती सिनेमात वाजतच नाही. ती मैफलीसाठीची स्वतंत्र मांडणी आहे.

सिनेमाच्या क्रमाने ऐकायचं असेल तर १९९७ चा दोन सीडींचा संच आहे. त्यात दोन सूर्यांच्या दृश्यासाठी आधी लिहिलेली आणि दिग्दर्शक जॉर्ज लुकास यांनी बदलायला लावलेली चाल स्वतंत्र दिली आहे. दोन्ही पाठोपाठ ऐका. पहिली वाईट नाही, पण तिच्यात ती कोमल गंधाराची पकड नाही. एक सुरावट दृश्याचं काय करते हे दाखवायला याहून चांगला धडा सापडणार नाही.

पहिल्यांदा ऐकणाऱ्याने मात्र १९७७ चा अल्बमच ऐकावा, आणि तोही चार बाजू समजून: ट्रॅक १ ते ४, ५ ते ९, १० ते १४, १५ व १६. एका दिवशी एक बाजू. ७५ मिनिटं सलग बसण्याचा हट्ट कशाला? चाळिसाव्या मिनिटानंतर कान नुसता आवाज मोजतो. नवव्या ट्रॅकवरचं ‘कँटीना बँड’ ऐकून ‘हे एवढंच आवडलं’ म्हणणारे बरेच असतात. साहजिक आहे, ती छोट्या जॅझ बँडची, स्टील ड्रमवाली, जवळजवळ गाण्यासारखी चीज आहे. दुसरी बाजू तिच्यावर संपते, तिथे उठून चहा घ्या.

सगळं एकदम ऐकायला जाणं

ऐंशी माणसं एकदम वाजवतात, कान एका वेळी दोन किंवा फार तर तीन धागे धरतो. म्हणून एकच तुकडा, ‘मेन टायटल’ची पहिली दोन मिनिटं, चार वेळा ऐका. वेळ लागेल आठ मिनिटं.

पहिल्या फेरीत फक्त चाल कोणाकडे आहे ते बघा. ती ट्रम्पेटांकडे आहे. मग मधली हळुवार ओळ तारांकडे जाते, मग पुन्हा पितळी वाद्यांकडे. दुसऱ्या फेरीत चालीकडे दुर्लक्ष करून खाली जा: ट्यूबा (खर्जातलं पितळी वाद्य), डबल बास, टिंपनी. टिंपनी म्हणजे सुरात लावलेले नगारे. ते कुठल्या सुरावर पडतात ऐका. तिसरी फेरी सगळ्यात अवघड, कारण मधला थर सापडत नाही. हॉर्न आणि ट्रोम्बोन तिथे असतात, चालीच्या मधल्या रिकाम्या जागांत छोटे तीन-तीन सुरांचे ठोके टाकत. ते सापडले की ही धून इतकी धावती का वाटते ते कळतं: चाल थांबते तेव्हा मधला थर पळत असतो. सव्वा-दीड मिनिटाच्या सुमारास सगळा गलका ओसरतो आणि पिकोलोचा, म्हणजे छोट्या बासरीचा, एकटा बारीक सूर उरतो. तो ऐकू आला नाही तर पंखा चालू आहे. चौथ्या फेरीत काही शोधू नका.

वाद्यं ओळखू येत नाहीत ही अडचण वाटते तेवढी मोठी नाही, कारण यातली निम्मी आपल्या ओळखीच्या घरांतली आहेत. ओबो सनईच्याच जातीचा, दोन पात्यांच्या जिभलीचा. सूर किंचित नाकातला. बॅसून हा त्याचा थोरला, खर्जातला भाऊ. क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट लग्नाच्या बँडमध्ये लहानपणापासून ऐकलेले आहेत. गोंधळ होतो तो ट्रम्पेट, हॉर्न आणि ट्रोम्बोनमध्ये. ट्रम्पेटचं तोंड समोर असतं, म्हणून सूर सरळ, टोकदार येतो. हॉर्नचं तोंड मागे वळलेलं, सूर भिंतीवरून परतून येतो, म्हणून गोल आणि जरा लांबचा. ट्रोम्बोन पुन्हा समोर, पण खाली आणि रुंद.

तारांचं तर सांगायलाच नको. पन्नास-साठच्या दशकातल्या हिंदी गाण्यांमागचे व्हायोलिन-चेलोचे ताफे लिहिणारे आणि वाजवणारे बहुतांशी गोव्याचे होते. चर्चच्या शाळांत स्टाफ नोटेशन (पाश्चात्त्य स्वरलेखन) शिकून मुंबईला आलेले. सेबॅस्टियन डिसूझा शंकर-जयकिशन यांचे अ‍ॅरेंजर होते. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवलं. त्या काळातलं कुठलंही आवडतं गाणं लावा आणि गाणाऱ्याकडे लक्ष न देता त्याच्या मागे चेलो काय वाजवतात तेवढंच शेवटपर्यंत धरा. पाचेक गाण्यांत जमतं. तोच कान घेऊन मग ‘बेन्स डेथ’कडे जा.

‘हे तर उचललंय’ म्हणून थांबणं

थोडं पुढे गेलेल्या श्रोत्याची ही चूक. मुख्य धून संगीतकार कॉर्नगोल्ड यांच्या ‘किंग्ज रो’ या १९४२ च्या सिनेमाच्या धुनेच्या जवळ जाते. सुरुवातीच्या हल्ल्याचे घणाघाती ठोके संगीतकार होल्स्ट यांच्या ‘मार्स’ची, म्हणजे ‘द प्लॅनेट्स’मधल्या पाच मात्रांच्या मंगळाची, आठवण देतात. वाळवंटातल्या प्रसंगात संगीतकार स्ट्राव्हिन्स्की डोकावतात. हे सगळं खरं आहे आणि लपवलेलंही नाही. लुकास यांना जुन्या हॉलिवूडच्या थाटाचं संगीत हवं होतं, आणि संकलन करताना त्यांनी तात्पुरते जुने शास्त्रीय तुकडे लावले होते.

शोध लागला म्हणून ऐकणं थांबवू नका, तिथून पुढे ऐका. ‘किंग्ज रो’ची पहिली ओळ आणि ‘मेन टायटल’ची पहिली ओळ पाठोपाठ लावा. साम्य पहिल्या उडीत आहे. दुसरी ओळ सुरू होईपर्यंत वाटा वेगळ्या झालेल्या असतात. बंदिशीच्या तोंडावरून दोन गवयांना एकच ठरवणं आणि हे सारखंच.

सिनेमा बघून संगीताचं माप काढणं

ओटीटीवर, टीव्हीच्या स्पीकरवर, मोठे आवाज दाबणारा नाईट मोड चालू असताना पाहिलेल्या सिनेमात संगीत संवादाखाली दाबलेलं, स्फोटांखाली गाडलेलं असतं. शेवटच्या लढाईतला ऑर्केस्ट्रा तिथे तिसऱ्या क्रमांकाचा नागरिक आहे. अल्बमवरचा ‘द लास्ट बॅटल’ बारा मिनिटांचा आहे आणि त्यात काय काय चाललंय हे सिनेमा शंभरदा पाहूनही कळणार नाही. पण या ट्रॅकवर धाप लागते. त्याचे तीन तुकडे पाडा, चार-चार मिनिटांचे, आणि प्रत्येकात आधीच्या तीन पकडींपैकी कोणती कुठे डोकावते तेवढंच शोधा. काही सापडतील, काही निसटतील.

पटकन तपासण्यासारखं

सगळंच कर्कश वाटतंय: आवाज मोठा आहे किंवा ट्रेबल वाढवलेला आहे, दोन्ही नसेल तर सलग किती वेळ ऐकताय ते बघा. सगळं चिखलासारखं एकत्र येतंय: बास बूस्ट चालू, किंवा स्पीकर कोपऱ्यात. सगळं मधोमध, सपाट: मोनो. दोन ट्रॅकमध्ये क्षणभर खटका बसतो: अ‍ॅपमधला ‘गॅपलेस’ बंद आहे. दहा मिनिटांत झोप येतेय: मग झोपा, उद्या पाचव्या ट्रॅकपासून सुरू करा.

एकदाही प्रत्यक्ष न ऐकणं

मुंबईत नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ साली सुरू झालेला सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. कार्यक्रम सिनेमासंगीताचाच हवा असं नाही. होल्स्ट, स्ट्राव्हिन्स्की, द्वोर्झाक यांपैकी काही असलं तरी त्यातली निम्मी भाषा तुमच्या अल्बममध्ये आहे.

तिकीट काढताना पहिल्या दोन-तीन रांगा टाळा. तिथे तारा अंगावर येतात आणि सुषिर-पितळी वाद्यं वादकांच्या पाठींआड लपतात. मधली रांग किंवा बाल्कनी घ्या. वरून कोण कधी वाद्य उचलतंय हे दिसतं, आणि डोळ्याने पाहिलेला हॉर्न पुढच्या वेळी कानाला लगेच सापडतो. कार्यक्रमपत्रिका आधी वाचून रचनेत किती भाग आहेत ते मोजून ठेवा, म्हणजे मधल्या थांब्याला शेवट समजून टाळी पडणार नाही. आणि रचना संपल्यावर कंडक्टरचे हात पूर्ण खाली येईपर्यंत टाळी थांबवा. शेवटच्या सुराचा घुमारा सभागृहात सेकंद-दोन सेकंद राहतो. पहिला टाळीवाला तो सगळ्यांचाच खातो.